विमानाला पण रिझर्व्ह असतं का?

जून २०२५ मध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन बातम्यांची पार भेळ झाली होती. १२ तारखेला अहमदाबादचा तो भयंकर अपघात झाला, मग आठवड्याभरात गुवाहाटीहून चेन्नईला निघालेल्या एका विमानाला चेन्नईत उतरता आलं नाही, त्याने इंधन कमी आहे म्हणून 'मेडे', म्हणजे रेडिओवरून धोक्याची हाक, दिला आणि ते बेंगळुरूला सुखरूप उतरलं, आणि पुढच्या महिन्यात अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात 'फ्युएल स्विच' हा शब्द आला. झालं. फ्युएल दोन्हीकडे आहे म्हटल्यावर ग्रुपने ठरवूनच टाकलं की हल्ली विमानं अर्ध्या टाकीवर उडवतात.

तसं नाहीये. अहमदाबादच्या विमानात लंडनपर्यंत पोचायचं इंधन होतं, अहवाल सांगतो ते इंजिनाकडे जाणारं इंधन बंद करणारे दोन स्विच उड्डाणानंतर लगेच 'कटऑफ'ला गेल्याबद्दल. तो वेगळाच विषय आहे आणि त्यावर इथे काही बोलत नाही. पण त्या गोंधळात आमच्या आत्याने एक प्रश्न टाकला होता, "विमानाला पण रिझर्व्ह असतं का गं, आपल्या चेतकसारखं?" सगळे हसले तिला. मला मात्र तो सगळ्यात शहाणा प्रश्न वाटला, कारण छोटी विमानं पेट्रोल संपून खरोखर पडतात, दर वर्षी पडतात, आणि त्यातली बरीचशी व्यवस्थित चालणारी, काहीही बिघाड नसलेली विमानं असतात.

आमच्या पार्ल्याच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एक काका राहतात, आयुष्यभर विमानांची देखभाल केली, आता गॅलरीत बसून डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचा नुसता आवाज ऐकून मॉडेल सांगतात. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून समजून घेतलंय, बाकीचं मी वाचलेलं. हिशोबात चूक सापडली तर ती माझी.

आधी छोटं विमान म्हणजे कुठलं

आपण ज्यात बसून नागपूरला जातो ते नाही. सेसना १७२ डोळ्यासमोर आणा. चार सीट, एक इंजिन, पुढे पंखा, आतली जागा जुन्या मारुती एटहंड्रेडपेक्षा फार मोठी नाही. जगभर पायलट लोक यावर किंवा याच्या भावंडांवर शिकतात. याचं इंजिन पेट्रोलवर चालतं, पण पंपावरच्या पेट्रोलवर नाही, त्याचं वेगळं पेट्रोल असतं, त्याला ॲवगॅस म्हणतात, आणि जेट विमानाच्या इंधनाशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात निळा रंग घातलेला असतो. मी इथून पुढे सरळ पेट्रोलच म्हणणारे.

हे पेट्रोल पंखांत असतं. डाव्या पंखात एक टाकी, उजव्या पंखात एक. १७२ च्या नव्या मॉडेलमध्ये दोन्ही मिळून वापरता येईल असं साधारण २०० लिटर मावतं. 'वापरता येईल असं' हे शब्द महत्त्वाचे आहेत बरं का. टाकीच्या तळाशी थोडं पेट्रोल असं उरतं जे पाइपपर्यंत पोचेलच याची खात्री नसते, म्हणून ते हिशोबात धरायचंच नसतं. चेतकवाल्यांना आठवेल, रिझर्व्हही संपलं की स्कूटर आडवी करायची, मग सरळ करून किका मारायच्या, कोपऱ्यातलं चमचाभर पेट्रोल इंजिनापर्यंत यायचं आणि तेवढ्यावर घर गाठायचं. विमानात तो चमचा तुमचा नाही.

आणि रिझर्व्हचा कॉक नसतो. आत्याला उत्तर द्यायचं तर रिझर्व्ह असतं, पण ते टाकीत नसतं, कागदावर असतं.

मग टाकी फुल करून टाकायची ना, विषय संपला

हा सगळ्यांचा पहिला प्रश्न, माझाही हाच होता.

या विमानाचं उडतानाचं जास्तीत जास्त वजन ११५७ किलो. रिकामं विमान साधारण ७६० किलोचं. म्हणजे माणसं, सामान, पेट्रोल सगळं धरून तुमच्या हातात राहिले ४०० किलोच्या आसपास. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरला साधारण पाऊण किलोच्या थोडं खाली, ०.७२ धरतात. फुल टाकी म्हणजे २०० लिटर, म्हणजे १४४ किलो. आता चार माणसं बसवा, प्रत्येकी ७५ किलो, झाले ३००. तीनशे आणि एकशे चव्वेचाळीस, चारशे चव्वेचाळीस. गेलं वर!

चार सीटच्या विमानात चार माणसं आणि फुल टाकी एकत्र बसत नाही, हे मला काकांनी सांगितलं तेव्हा खोटंच वाटलं होतं. पण ते तसंच आहे. जास्त वजन घेऊन निघालं तर रनवे पुरत नाही, चढत नाही, उन्हाळ्यात तर अजूनच नाही. मग काहीतरी कमी करावं लागतं, आणि माणसाला उतर म्हणणं अवघड असतं, पेट्रोलला नाही. चार माणसं आणि सहा किलोची एक बॅग घेतली तर पेट्रोलसाठी उरतात ९४ किलो, म्हणजे १३० लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

म्हणजे टाकी पूर्ण न भरणं हा काही गुन्हा नाही. ते रोजचं काम आहे. फक्त टाकी फुल नसली की हिशोब करावा लागतो, आणि गोष्ट बिघडते ती तिथे.

टाकीत लिटर नसतात, तास असतात

गाडीवाला किलोमीटरमध्ये विचार करतो. लिटरला अठरा देते, दहा लिटर आहे, चला लोणावळा होऊन परत. विमानात हे चालत नाही कारण ज्या रस्त्यावर विमान चालतं तो रस्ताच हलत असतो.

गेटवेहून मांडव्याच्या लाँचमध्ये बसला असाल तर बघा, तेच इंजिन, तोच आवाज, पण भरतीचा जोर उलटा असला की पोचायला वेळ जास्त. पाणी मागे ओढतंय. वारा विमानाला तसाच ओढतो. समोरून २० नॉटचा वारा असला तर विमानाच्या वेगातून जमिनीच्या हिशोबात सरळ २० वजा. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर, हा शब्द एवढ्यापुरताच.

इंजिनाला वाऱ्याशी देणंघेणं नाही. ते तासाला जेवढं प्यायचं तेवढं पितं. म्हणून पायलटने टाकीकडे बघून म्हणायचं असतं, माझ्याकडे तीन तास चाळीस मिनिटं आहेत. एवढे लिटर आहेत, हे पंपवाल्याशी बोलायला.

आता आपले १३० लिटर घ्या. समजा ३०० सागरी मैल जायचंय, म्हणजे ५५५ किलोमीटर, मुंबईहून निघालात तर गोवा मागे टाकून बरंच पुढे. विमानाचा वेग ११० नॉट, इंजिन तासाला ३६ लिटर पितं, आणि सुरू करणं, रनवेपर्यंत जाणं, वर चढणं यात ८ लिटर जास्तीचे.

वारा नाही असं धरा. पावणेतीन तास लागतात, ९८ लिटर, अधिक ८, एकशे सहा. उतरताना २४ लिटर शिल्लक. चाळीस मिनिटं. मस्त.

आता समोरून २० नॉटचा वारा, जो काही वादळ नाही, रोजचा वारा आहे. वेग ९० झाला. तीन तास वीस मिनिटं. १२० लिटर, अधिक ८, एकशे अठ्ठावीस. उरलं किती, २ लिटर. दोन्ही पंखांत मिळून चार दुधाच्या पिशव्या. तीन मिनिटं.

अजून एक करू. या इंजिनात हवा आणि पेट्रोलचं प्रमाण पायलट हाताने ठरवतो, एक लाल नॉब असतो त्यासाठी. वर गेल्यावर हवा विरळ होते, तेव्हा तो नॉब हळूहळू बाहेर ओढून पेट्रोल कमी करायचं असतं, त्याला लीन करणं म्हणतात. विमानाच्या पुस्तकात जे खपाचे आकडे असतात ते लीन केलंय असं धरूनच असतात. नॉब तसाच आत राहिला तर इंजिन छान चालतं, काही कळत नाही, फक्त पितं जास्त. ३६ च्या जागी ४० धरा, खरं तर त्याहूनही जास्त होऊ शकतं. आता तेच १३० लिटर तीन तास तीन मिनिटांत संपतात, आणि विमान रनवेच्या २५ सागरी मैल अलीकडे असतं. ४७ किलोमीटर. सीएसएमटीला जायचं होतं आणि गाडी डोंबिवलीलाच बंद पडली, फक्त इथे खाली प्लॅटफॉर्म नाही.

यात कुठे कोणी मूर्खपणा केला सांगा. वारा थोडा जास्त निघाला. नॉब राहिला. बॅग घेतली म्हणून पेट्रोल कमी घेतलं. यातलं प्रत्येक कारण एकटं आलं असतं तर विमान पोचलं असतं.

पण जाताना समोरचा वारा तर येताना पाठीमागचा, बरोबरी होते ना

नाही होत, आणि इथे भलेभले फसतात. २४० मैल जायचं आणि यायचं, वेग १००, वारा २०. जाताना वेग ८०, लागले तीन तास. येताना १२०, लागले दोन. एकूण पाच. वाराच नसता तर दोन्ही वेळा दोन तास चोवीस मिनिटं, एकूण चार तास अठ्ठेचाळीस. बारा मिनिटांचा फरक, म्हणजे सात लिटरच्या वर, आणि तो नेहमी तोट्यातच जातो, कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता आणि सुलट्यात कमी.

काटा दिसत नाही का पायलटला?

दिसतो. पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही असं पहिल्या दिवसापासून शिकवतात.

छोट्या विमानाची टाकी म्हणजे पंखाच्या आत बसवलेली लांब, पसरट, उथळ पेटी. डबा नाही, परात समजा. परातीतलं पाणी जरा तिरकी केली की कसं एका कडेला धावतं! आत जुन्या पद्धतीचा तरंगता गोळा असतो, तो वरखाली होतो आणि काटा हलतो. वळताना, धक्के बसताना, चढताना काटा नाचत असतो. विमान बनवायचे अमेरिकेतले नियम बघितले तर काट्याचा शून्य कुठे असावा हे मात्र नेमकं सांगितलंय, सरळ उडताना फक्त ते न वापरता येणारं पेट्रोल उरलं असेल तेव्हा काट्याने शून्य दाखवलं पाहिजे. यावरून पायलट मंडळींत एक चेष्टा चालते की काटा फक्त टाकी रिकामी असते तेव्हाच खरं बोलतो. नियमाचा अर्थ अगदी तसा नाही, मधल्या खुणांनाही काही अर्थ असावा लागतो, पण जुन्या विमानांच्या बाबतीत चेष्टा फारशी चुकीची नाही म्हणतात काका.

मग मोजायचं कसं? शिडी लावायची, पंखावरचं झाकण उघडायचं आणि पट्टी बुडवायची. काकांच्या शोकेसमध्ये, गणपतीच्या मूर्तीशेजारी, अशी एक मोजायची नळी अजून आहे. पारदर्शक, फुटापेक्षा थोडी जास्त लांब, अंगावर खुणा. ती टाकीच्या तळाला टेकवायची, वरचं तोंड अंगठ्याने दाबायचं आणि बाहेर काढायची. आपण लहानपणी स्ट्रॉचं वरचं टोक बंद करून उसाचा रस उचलायचो ना, तेच. नळीत जिथपर्यंत निळं दिसतं तेवढं पेट्रोल. काकांनी मला पाणी घालून करून दाखवलं, सिंकमध्ये. खुणांची प्लास्टिकची कड पिवळी पडलीये आणि मधल्या तीन आकड्यांवरची शाई अंगठ्याने घासून गेलीये.

एवढंच करायचं असतं. पाऊस असला, शिडी लांब असली, निघायची घाई असली की हेच राहून जातं.

संपणं वेगळं आणि न पोचणं वेगळं

बातमीत दोन्हीला 'इंधन संपलं' असंच लिहितात, पण तपास करणारे या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. एकात विमानात पेट्रोलच नसतं. दुसऱ्यात पेट्रोल असतं, पण इंजिनापर्यंत जात नाही, म्हणजे गच्चीवरची टाकी भरलेली आणि तुमच्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद.

सेसना १७२ चे पंख वर असतात, पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं, आणि दोन्ही टाक्या एकदम उघड्या ठेवता येतात. पायपर कंपनीच्या बऱ्याच छोट्या विमानांचे पंख खाली असतात, तिथे डावी किंवा उजवी, दोन्ही एकदम नाही. मग पायलटला दर अर्ध्या तासाने वगैरे टाकी बदलावी लागते. विसरला की एक टाकी कोरडी, दुसरी अर्धी भरलेली, आणि इंजिन बंद. वर असताना झालं तर टाकी बदलून पुन्हा सुरू करता येतं, उतरायच्या तोंडाशी झालं तर तेवढा वेळ नसतो.

जॉन डेन्व्हर हा प्रसिद्ध अमेरिकन गायक असाच गेला. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियाचा माँटेरे किनारा. लाँग-ईझेड नावाचं, घरी जोडून बनवलेलं विमान, त्याने नुकतंच विकत घेतलेलं. हे विमान ज्याने बांधलं होतं त्याने टाकी बदलायची मूठ मूळ नकाशातल्या जागी न बसवता पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या खुणाही पाठीमागे, आरशाशिवाय दिसणार नाहीत अशा. उडण्याआधी देखभाल करणाऱ्या माणसाशी त्याचं या मुठीबद्दल बोलणंही झालं होतं, पकड लावून मूठ लांबवता येते का ते दोघांनी करून पाहिलं, जमलं नाही. त्या माणसाने मागचं बघायला छोटा आरसा दिला. पेट्रोल भरू का विचारलं, तर डेन्व्हर म्हणाला नको, तासभरच उडणार आहे. वर गेल्यावर मुठीकडे हात नेण्यासाठी त्याला अंग पिळावं लागलं, आणि तसं वळताना पाय नकळत पेडलवर दाबला जाऊ शकतो. विमान समुद्रात कोसळलं.

आता यात हिशोब चुकला की मूठ चुकीच्या जागी होती? दोन्ही. पण मला विचाराल तर पेट्रोल भरून घेतलं असतं तर त्या दिवशी मुठीला हात लावायची वेळच आली नसती.

हेलिकॉप्टरचंही एक उदाहरण आहे. २९ नोव्हेंबर २०१३ ला ग्लासगोमध्ये पोलिसांचं हेलिकॉप्टर एका पबच्या छतावर पडलं, १० माणसं गेली, त्यातली ७ पबमधली. मुख्य टाकीत ७० किलोहून जास्त इंधन होतं. तिथून इंजिनाशेजारच्या छोट्या टाक्यांत इंधन ढकलणारे पंप बंद होते.

नवशिक्यांचं होत असेल

उलट. अमेरिकेत अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था, एनटीएसबी, तिने २०१७ मध्ये खास या विषयावर सावधानतेचं पत्रक काढलं. २०११ ते २०१५ मध्ये तिथे इंधनाच्या व्यवस्थापनामुळे वर्षाला सरासरी ५० हून जास्त अपघात झाले. ५६ टक्क्यांत पेट्रोल संपलेलं, ३५ टक्क्यांत होतं पण पोचलं नाही. जवळजवळ निम्म्या पायलटांकडे कमर्शियल किंवा त्याच्याही वरचं लायसन्स होतं. शिकाऊ किती, तर २ टक्के. विमानाच्या भागांचा हात फक्त ५ टक्क्यांत, बाकी सगळी माणसं.

शिकाऊ मुलगा घाबरलेला असतो, तो तीनदा पट्टी बुडवतो. शिवाय त्याच्या मागे शिकवणारा उभा असतो. पंधरा वर्षं उडवणाऱ्याला अंदाज असतो. अंदाज बरोबर येत राहतो, येत राहतो, आणि मग माणूस पट्टीच घरी ठेवतो. आपला रिक्षावाला नाही का, सीएनजीच्या पंपावर रांग दिसली की म्हणतो पुढच्या पंपावर भरू, तिथेही रांग, मग अजून पुढे, आणि शेवटी तुम्हाला अंधेरीच्या पुलाखाली उतरवतो.

विमानात ही 'पुढच्या पंपावर' वृत्ती अजून घट्ट होते कारण वाटेत थांबणं म्हणजे खाली उतरणं, पार्किंग, पेट्रोलची गाडी येईपर्यंत वाट, पैसे, पुन्हा परवानग्या, तास गेला. आणि घर समोर अर्ध्या तासावर दिसत असतं. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला आले तेव्हा वाटेत अहमदाबादला थांबले होते, आणि तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. बैलगाडी! तेवढी वाट बघितली त्यांनी.

मोठ्या विमानांत तरी होत नाही ना

फार क्वचित. तिथे हिशोब एका माणसावर नसतो, आणि नियमच आहे की जायचं तेवढं, दुसऱ्या विमानतळावर वळावं लागलं तर तेवढं, आणि त्यावर जेटसाठी ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं राखीव. हेच ते आत्याचं रिझर्व्ह. छोट्या खाजगी विमानालाही आंतरराष्ट्रीय नियमांत दिवसा ३० मिनिटं आणि रात्री ४५ मिनिटं राखीव ठेवायला सांगितलंय. ते वापरायचं नसतं, घेऊन उतरायचं असतं.

पण झालंय. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७ निघालं, प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. काटे बंद होते म्हणून पट्टीने मोजलं, लिटरमध्ये. लिटरचे किलो करताना गुणायचं होतं ०.८ ने, गुणलं १.७७ ने, जो पौंडांचा आकडा. कॅनडात तेव्हा मेट्रिकवर यायचं काम चालू होतं आणि हे त्यांचं पहिलंच किलोवालं विमान. वीस हजार लिटर भरायचं तिथे पाच हजारही भरलं नाही. ४१,००० फुटांवर धोक्याचे इशारे वाजले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमानही उडवायचा, त्याने ते गिमली नावाच्या जुन्या हवाईदलाच्या धावपट्टीवर उतरवलं, जिथे त्या दिवशी गाड्यांच्या शर्यती चालल्या होत्या. ६९ पैकी कोणीही गेलं नाही. ही गोष्ट सगळे आवडीने सांगतात कारण शेवट गोड आहे.

दुसरी कोणी आवडीने सांगत नाही. २८ नोव्हेंबर २०१६, ब्राझीलच्या शापेकोएन्से फुटबॉल टीमला घेऊन बोलिव्हियाहून कोलंबियाच्या मेडेयीनला निघालेलं चार्टर विमान. उड्डाणाच्या कागदावर प्रवासाचा वेळ लिहिला होता ४ तास २२ मिनिटं. इंधन किती वेळ पुरेल त्या रकान्यातही ४ तास २२ मिनिटं. ७७ पैकी ७१ गेले. इथे गुणाकार चुकलाच नव्हता, दोन रकाने शेजारीशेजारी होते, कोणालाही वाचता येतील असे.

आणि १९९० ची न्यूयॉर्कजवळची घटना, कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७. धुकं, गर्दी, तासाहून जास्त घिरट्या. वैमानिक सांगत राहिले की इंधन संपत आलंय, प्राधान्य द्या, पण 'इमर्जन्सी' हा शब्द आलाच नाही, आणि कंट्रोलरला रोजच्या तक्रारीसारखं वाटलं. ७३ जण गेले. आता यासाठी ठरलेले शब्द आहेत. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आता अजून उशीर केलात तर राखीवला हात लागेल. 'मेडे फ्युएल' म्हणजे उतरेपर्यंत राखीवातलं वापरलं जाणार हे नक्की झालंय. बेंगळुरूच्या त्या विमानाने मेडे दिला याचा अर्थ टाकी खडखडीत होती असा नाही. न लाजता वेळेवर शब्द उच्चारला, एवढाच. ग्रुपवर त्याच वैमानिकांना शिव्या पडत होत्या.

इंजिन थांबलं की दगडासारखं पडतं का?

नाही, तरंगत येतं. सेसना १७२ साधारण एक फूट खाली येताना नऊ फूट पुढे जातं. ३००० फुटांवर इंजिन बंद पडलं तर आठ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दादरहून सीएसएमटीच्या जरा अलीकडे, आणि हातात चार मिनिटं. तेवढ्यात जागा शोधायची, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, रेडिओवर सांगायचं. मोकळं शेत असलं तर माणसं चालत बाहेर येतात, पुष्कळदा येतात. पण आमच्या गच्चीवर उभं राहून चहूकडे बघा आणि मला सांगा कुठे उतरवाल. रनवे सोडला तर जुहूचा किनारा, तोही ओहोटी असेल आणि रविवार नसेल तर. आरे, त्यात झाडं. खाडी, त्यात खारफुटी आणि चिखल. बाकी टॉवर, ते नसतील तिथे क्रेन.

कसं कळतं की पेट्रोलच संपलं होतं?

आग लागलेली नसते. ही पहिली खूण. पडलेल्या विमानाच्या टाक्या फुटल्या नसतील आणि तरी कोरड्या असतील, आजूबाजूच्या गवतावर डाग नाही, वास नाही, पंख्याची पाती जोरात फिरत असल्यासारखी वाकलेली नाहीत, तर मग तपासणारे थेट कागदांकडे जातात. शेवटचं पेट्रोल कधी भरलं, पावती किती लिटरची, तेव्हापासून किती तास उडालं. भागाकार करायचा. जो उडण्याआधी करायचा होता तोच.

काकांनी एक प्रसंग सांगितला, खूप वर्षांपूर्वीचा. एक विमान संध्याकाळी परत आलं, व्यवस्थित उतरलं, व्यवस्थित लागलं. पायलट अनुभवी, हसतमुख, त्याने वहीत लिहिलं शिल्लक ४५ लिटर आणि चहाला निघाला. काका रोजच्यासारखे शिडी लावून चढले, नळी बुडवली. डाव्या पंखात जेमतेम पहिल्या खुणेपर्यंत, उजव्यात तळाला नुसता ओलावा. मिळून सहा-सात लिटर. त्यांनी हाक मारली, "साहेब, जरा वर येता का?" तो चढला, म्हणाला काटा तर पाव टाकी दाखवत होता. काकांनी विचारलं, वर गेल्यावर लाल नॉब ओढला होता का, तर तो वाटभर पूर्ण आतच होता, निघताना असतो तसा.

पायलटने त्यांच्या हातातून नळी घेतली, पँटला पुसली आणि परत बुडवली. मग दुसऱ्या पंखात बुडवली. मग पहिल्या पंखात पुन्हा एकदा. चहा तसाच राहिला त्याचा, काका म्हणाले.